उकाड्यातही ट्यूब गोठून फुटते: चिलर आणि कोल्ड स्टोरेजच्या कामात नव्याने आलेल्यांसाठी

ठाणे-बेलापूर पट्ट्यात ऐन जानेवारीतही पारा १२-१५ अंशांच्या खाली क्वचितच उतरतो. पाईपमधले पाणी गोठून पाईप फुटणे हा काश्मीर-हिमाचलचा त्रास, असे इथे कामाला लागलेल्या मुलाला वाटले तर त्यात त्याची चूक नाही. पण रबाळे, महापे, तुर्भे, तळोजा इथल्या औषध कारखान्यांत, डेटा सेंटरांत, वाशीच्या बाजारातल्या कोल्ड स्टोरेजमध्ये बाहेर ३४ अंश असताना ट्यूब बर्फाने फुटतात. थंडी हवेतून येत नाही, आपणच ती गॅसने (रेफ्रिजरंटने) तयार करतो. आणि बहुतेक वेळा ट्यूब फुटते ती मशीन चालू असताना नव्हे, तर कोणीतरी त्यावर काम करत असताना.

हा लेख आयटीआयचा रेफ्रिजरेशन ट्रेड करून नुकतेच साइटवर आलेल्यांसाठी आणि प्लांटची जबाबदारी पहिल्यांदाच अंगावर पडलेल्या इंजिनीअरांसाठी आहे. आधी ट्यूबवर ताण कसा येतो ते समजून घ्या. ते कळले की पुढची कामे त्याच क्रमाने का करायची हे पाठ करावे लागणार नाही.

ट्यूब नेमकी कशाने फुटते

पाण्याचा बर्फ झाला की आकारमान सुमारे ९ टक्के वाढते. एवढे सगळ्यांना माहीत असते, आणि त्यावरून समज असा होतो की बर्फ ट्यूबच्या भिंतीला आतून रेटतो आणि भिंत फाटते. प्रत्यक्षात बर्फ वाढायला मोकळी जागा असेल तर काहीच फुटत नाही. बर्फाच्या कारखान्यातला लादीचा डबा पातळ पत्र्याचा असतो, रोज गोठतो, रोज वितळतो आणि वर्षानुवर्षे टिकतो, कारण तो वरून उघडा असतो. फ्रीजरमध्ये झाकण घट्ट लावून ठेवलेली स्टीलची बाटली मात्र एका रात्रीत तळाला फुगते.

ट्यूबमध्ये होते ते असे. जिथे थंडी जास्त तिथे आधी बर्फाचा बूच बसतो. तो लांबत जातो आणि उरलेल्या पाण्याला पुढे ढकलतो. पुढे रस्ता उघडा असेल तर पाणी निघून जाते. पुढे बंद व्हॉल्व्ह असेल, दुसरा बर्फाचा बूच असेल किंवा चिकटलेला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेला जाऊ देणारा, एनआरव्ही) असेल, तर मधले पाणी कोंडते आणि त्याचा दाब चढत जातो. ट्यूब फाटते ती त्या कोंडलेल्या पाण्याच्या जागी. म्हणून फुटलेली जागा आणि सगळ्यात थंड जागा एकच असेल असे नाही. शोधताना हे विसरलात तर तासन्‌तास भलत्याच ठिकाणी इन्सुलेशन कापत बसाल.

हा दाब किती असतो? दाबाखाली पाण्याचा गोठणबिंदू खाली सरकतो, साधारण १३५ बारला एक अंश. उलट बाजूने वाचले तर कोंडलेले पाणी उणे १ अंशाला सुमारे १३५ बार, उणे ५ अंशाला सुमारे ६०० बार आणि उणे १० अंशाला सुमारे १,१०० बारपर्यंत जाऊ शकते. आपल्या चिल्ड वॉटर लाईनचा (चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे मशीन, त्याचे थंड पाणी फिरवणाऱ्या पाईपचा) रोजचा दाब ४ ते ६ बार असतो, हे शेजारी ठेवून पाहा.

आकडेमोड एकदा स्वतः करा

पातळ भिंतीच्या नळीत घेराच्या दिशेचा ताण काढायचे सूत्र सोपे आहे: दाब गुणिले सरासरी व्यास, भागिले भिंतीच्या जाडीची दुप्पट. १९.०५ मिमी बाहेरच्या व्यासाची, ०.९ मिमी भिंतीची नरम तांब्याची ट्यूब घ्या. सरासरी व्यास १८.१५ मिमी. नरम तांबे साधारण ७० मेगापास्कल (१ मेगापास्कल म्हणजे १० बार) ताणाला कायमचे पसरू लागते आणि २१०-२२० च्या आसपास तुटते. सूत्रात घातले तर ७० बार दाबाला ट्यूब फुगायला लागते आणि साधारण २०० बारला फुटते. म्हणजे कोंडलेले पाणी उणे अर्धा अंश झाले की ट्यूब बिघडायला सुरुवात, आणि उणे दीड अंशाला काम संपले.

आता ५० एनबी (नॉमिनल बोअर, पाईपचे ठरावीक माप), शेड्यूल ४० (भिंतीच्या जाडीचा वर्ग) चा एमएस (माइल्ड स्टील) पाईप घ्या: बाहेरचा व्यास ६०.३ मिमी, भिंत ३.९१ मिमी, तुटण्याचा ताण ४१० मेगापास्कल धरा. तो साधारण ५७० बारला फुटेल. एवढा दाब यायला उणे साडेचार अंश पुरतात, आणि ब्राइन (शून्याखालीही न गोठणारे मिश्रण) वापरणाऱ्या प्लांटमध्ये उणे १० हे रोजचे तापमान आहे. तेव्हा 'जाड पाईप टाकू' हा उपाय होऊ शकत नाही. बर्फापुढे जाडी हरते. पाणी कोंडू न देणे, नाहीतर ते गोठू न देणे, एवढेच आपल्या हातात आहे.

त्याच सूत्रातून आणखी एक गोष्ट निघते. घेराच्या दिशेचा ताण लांबीच्या दिशेच्या ताणापेक्षा दुप्पट असतो. म्हणून गोठून फुटलेली ट्यूब नेहमी लांबीत चिरते, आडवी तुटत नाही. याचा उपयोग पुढे येईल.

एकदा वाचलेली ट्यूब सुरक्षित नसते

ट्यूबचा एक तुकडा सगळीकडे सारखा गोठला तर ९ टक्के वाढीसाठी व्यास सुमारे ४.४ टक्के वाढावा लागतो. नरम तांबे एवढे ताणले जाऊनही फाटत नाही. बर्फ वितळतो, गळती दिसत नाही, सगळे सुटकेचा श्वास टाकतात. पण तांबे पुन्हा मूळ आकाराला येत नाही. मोठ्या झालेल्या पोकळीत पुन्हा पाणी भरते, पुढच्या वेळी ते जास्त पाणी पुन्हा ९ टक्के वाढते आणि भिंत आणखी पातळ होते. शिवाय ताणलेले तांबे कडक होत जाते, दर वेळी त्याची ताणायची ताकद कमी उरते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला, कधी मध्ये सहा महिने गेल्यावर, ते फाटते आणि लोक म्हणतात 'आज तर काहीच झाले नव्हते'.

वाढ एकाच जागी गोळा झाली तर मात्र पहिल्याच खेपेला फुटते. एक मीटर ट्यूबमधले जादा पाणी ढकलले जाऊन शेवटच्या १० सेंटीमीटरमध्ये जमा झाले, तर त्या तुकड्याला स्वतःच्या आकारमानाच्या ९० टक्के जास्त जागा करून द्यावी लागते. व्यास ३८ टक्क्यांनी वाढायला हवा. एवढे तांब्यालाही झेपत नाही. फिन कॉईलमध्ये सरळ भागाला फिनचा आधार असतो, म्हणून तिथे टोकांचे यू-बेंड आधी फुगतात. गळती शोधताना नजर आधी तिकडे टाका.

कामाला लागण्याआधी: पाणी कुठे कोंडेल याची यादी

नव्या प्लांटवर पहिल्या आठवड्यात हे एकच काम नीट करा. पाइपिंगचे ड्रॉइंग घ्या, नसेल तर वहीत रेखाटा, आणि लाईन धरून चालत जा.

१. ज्या ज्या ठिकाणी पाणी किंवा ब्राइन शून्याखाली जाऊ शकते तिथे खूण करा: इव्हॅपोरेटर (यात गॅस उकळून पाणी थंड करतो; साइटवर त्याला कूलर म्हणतात), प्लेट हीट एक्स्चेंजर, कोल्ड रूममधून जाणारी प्रत्येक पाण्याची लाईन, ड्रेन.

२. त्या प्रत्येक भागाच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह आणि एनआरव्ही नोंदवा. दोन्ही बंद झाले तर मधले पाणी कुठे जाईल? उत्तर 'कुठेच नाही' असेल तर तिथे ड्रेन, व्हेंट किंवा सेफ्टी व्हॉल्व्ह हवा.

३. सगळ्यात खालचा ड्रेन आणि सगळ्यात वरचा व्हेंट खरोखर उघडून पाहा. गंजून बसलेले, रंगाने चिकटलेले, प्लग ठोकलेले ड्रेन जवळपास प्रत्येक जुन्या प्लांटवर सापडतात. ड्रेन उघडल्यावर पाणी थांबले म्हणजे भांडे रिकामे झाले असे समजू नका. वरून हवा आत येत नसेल तर पाणी अडून राहते.

४. कूलर कोणत्या जातीचा आहे ते पाहा. फ्लडेड कूलरमध्ये पाणी ट्यूबच्या आत आणि गॅस बाहेर असतो, म्हणजे बर्फ ट्यूबला आतून फोडतो. डीएक्स (डायरेक्ट एक्सपान्शन) कूलरमध्ये गॅस आत, पाणी बाहेर शेलमध्ये (ट्यूबभोवतीच्या भांड्यात) असते. तिथे बर्फ ट्यूबला बाहेरून दाबतो, ट्यूब चपटी होते किंवा बॅफलजवळ (शेलमध्ये ट्यूबना आधार देणाऱ्या पत्र्याजवळ) चिरते. ब्रेझ केलेला प्लेट एक्स्चेंजर आतल्या आत फाटला तर त्याची दुरुस्ती होत नाही, तो बदलावाच लागतो. म्हणून तिथे काळजी सगळ्यात जास्त.

गॅस काढताना आणि भरताना

या भागासाठी हातचे वेळापत्रक बाजूला ठेवा आणि सावकाश वाचा, कारण बहुतेक ट्यूब इथेच जातात.

उकळणाऱ्या गॅसचे तापमान त्याच्या दाबावर ठरते. खोलीत ३२ अंश असोत, कूलरमधला गेज शून्य अंशाच्या दाबाखाली गेला आणि आत द्रव गॅस शिल्लक असला, की ट्यूब शून्याखाली गेली म्हणून समजा. शून्य अंशाला गेजवर दिसणारे दाब लक्षात ठेवायचे: आर-१३४ए ला सुमारे २८ पीएसआय, आर-२२ ला ५८, आर-४१०ए ला १०१-१०२, अमोनियाला ४८. हे चार आकडे कंट्रोल पॅनेलच्या दारावर आतून चिकटवून ठेवा.

गॅस काढताना हा क्रम ठेवा.

१. चिल्ड वॉटर पंप चालू करा आणि कूलरमधून पाणी फिरत आहे याची दोन्ही टोकांच्या प्रेशर गेजवरून खात्री करा. पंप बिघडला असेल तर कूलर पूर्ण रिकामा करा, व्हेंट उघडा ठेवा, खालच्या ड्रेनमधून हवा फुंकून उरलेले पाणी काढा. 'अर्धा रिकामा' ही सगळ्यात वाईट स्थिती.

२. आधी द्रव गॅस काढा, वाफ नंतर. वरून वाफ ओढत राहिलात तर खालचा द्रव उकळत राहतो आणि भांडे थंड होत जाते.

३. गेज शून्य अंशाच्या दाबाच्या जवळ आला की रिकव्हरी (गॅस काढणे) थांबवा, पाण्याला ट्यूब पुन्हा गरम करू द्या, मग पुढे जा. यात वेळ जातो. तो जाऊ द्या.

४. गॅसचा दाब पूर्ण उतरून द्रव संपेपर्यंत पंप बंद करू नका.

भरताना उलट संकट असते. व्हॅक्यूम केलेल्या कूलरमध्ये सिलिंडर उलटा करून थेट द्रव सोडला, तर तो कमी दाबात जाऊन भडकन उकळतो आणि पहिल्या काही मिनिटांतच ट्यूब उणे वीस-पंचवीसपर्यंत जाऊ शकते. म्हणून पाणी फिरते ठेवून आधी फक्त वाफ सोडा. आर-१३४ए असेल तर गेज ३५ पीएसआयच्या वर स्थिर होईपर्यंत द्रव सोडू नका, इतर गॅसना वरच्या आकड्यांपेक्षा सात-आठ पीएसआय जास्त धरा. आर-४१०ए सारखे मिश्र गॅस वाफेने भरले तर घटकांचे प्रमाण थोडे हलते, म्हणून वाफ फक्त दाब उचलण्यापुरती आणि उरलेला गॅस द्रवरूपात.

रोजचे पहारेकरी: फ्लो, तापमान, दाब

चिल्ड वॉटर ७ अंशाला जाते आणि १२ ला परत येते, तेव्हा चिलरच्या क्षमतेच्या प्रत्येक टनाला (थंडावा मोजायचे एकक) साधारण १० लिटर प्रति मिनिट पाणी लागते. १०० टनाच्या चिलरला १,००० लिटर प्रति मिनिट, म्हणजे तासाला ६० घनमीटर. पाणी निम्मे झाले आणि कॉम्प्रेसर तेवढाच चालला तर ५ चा फरक १० होतो, आणि १२ चे पाणी २ अंशाला बाहेर पडू पाहते. ट्यूबची भिंत त्याहूनही थंड.

फ्लो स्विच (पाणी थांबले की कॉम्प्रेसर बंद करणारा) दर महिन्याला खरोखर तपासा. चालू चिलरवर कूलरचा आउटलेट व्हॉल्व्ह हळूहळू बंद करत जा, कॉम्प्रेसर ट्रिप व्हायलाच हवा. पॅडलचे पाते तुटून पडलेले आणि स्विच तसाच 'फ्लो आहे' म्हणत बसलेला, हे वारंवार सापडते. पॅडलच्या दोन्ही बाजूंना पाईपच्या व्यासाच्या किमान पाचपट सरळ लाईन हवी, नाहीतर भोवऱ्यात ते फडफडते. नवे बसवणार असाल तर डिफरन्शियल प्रेशर स्विच घ्या, आमचे मत त्याच्याच बाजूने आहे.

अँटीफ्रीझ थर्मोस्टॅट साध्या पाण्यासाठी ३ ते ४ अंशांवर ठेवा. त्याचा सेन्सर बाहेर जाणाऱ्या पाण्यात असतो, म्हणून पाणी थांबले की तो आंधळा होतो: कूलरमध्ये बर्फ धरत असताना पाईपमधले थांबलेले पाणी ८ अंश दाखवत राहते. म्हणजे तो एकटा पुरेसा नाही, फ्लो स्विच आणि लो प्रेशर कट-आउट दोन्ही सोबत हवेत. यातले काही वारंवार ट्रिप होते म्हणून वायर जोडून बायपास करणे म्हणजे ट्यूब फोडायची तारीख ठरवणे होय. ट्रिप का होते ते शोधा. बहुतेकदा स्ट्रेनर भरलेला असतो, नाहीतर एएचयूचे (एअर हँडलिंग युनिट, थंड पाण्याने हवा गार करणारे यंत्र) बरेच टू-वे व्हॉल्व्ह एकदम मिटलेले असतात आणि बायपास उघडलेला नसतो.

कॉम्प्रेसर थांबल्यावर पंप आणखी ३ ते ५ मिनिटे चालू राहायला हवा, कारण कूलरमधला द्रव गॅस उकळायचा एकदम थांबत नाही. लाईट गेली आणि डीजी (डिझेल जनरेटर) सुरू झाला की पंप आधी, चिलर नंतर, हे इंटरलॉकने पक्के करा. माणसाच्या आठवणीवर सोडू नका.

ट्यूबची वार्षिक सफाई लोक फक्त विजेच्या बिलासाठी करतात. पण फ्लडेड कूलरमध्ये चारशेपैकी पाच ट्यूब गाळाने अर्ध्या बंद असतील तर एकूण फ्लो अगदी बरोबर दिसतो, आणि नेमक्या त्या पाचांत पाणी संथ होऊन आधी गोठते. ब्रश प्रत्येक ट्यूबमधून आरपार गेला पाहिजे. अडकला तर ती ट्यूब खडूने खूण करून ठेवा.

ग्लायकॉल किती

पाणी ४-५ अंशांच्या खाली न्यायचे असेल तर साधे पाणी चालणार नाही, त्यात ग्लायकॉल (गोठणबिंदू खाली नेणारे रसायन) मिसळावे लागते. इथिलीन ग्लायकॉल वजनाने २० टक्के असेल तर मिश्रण सुमारे उणे ८ ला, ३० टक्के असेल तर उणे १४ ला, ४० टक्के असेल तर उणे २२ च्या आसपास गोठू लागते. प्रोपिलीन ग्लायकॉल एकेक अंश मागे राहते. खाण्याच्या वस्तूंजवळ, म्हणजे दूध, मासे, आइस्क्रीम, फळे यांच्या प्लांटवर प्रोपिलीनच वापरायचे, इथिलीन विषारी आहे.

प्रमाण ठरवताना लाईनचे सगळ्यात कमी तापमान न धरता कूलरमधल्या गॅसचे तापमान धरा आणि त्याखाली आणखी ३ ते ५ अंश सोडा. ब्राइन उणे ५ ला हवे आणि गॅस उणे १० ला उकळतो आहे, तर मिश्रण किमान उणे १४ चे हवे, म्हणजे ३० टक्के. 'जास्त टाकले तर बरे' असेही नाही. ग्लायकॉल वाढले की मिश्रण घट्ट होते, पंपावर भार येतो आणि उष्णता कमी वाहते. २० टक्क्यांच्या खालीही जाऊ नका, एवढ्या पातळ ग्लायकॉलवर जिवाणू पोसले जातात आणि लाईनमध्ये चिकट थर धरतो.

आता भरायचे कसे ते. आधी लाईनचे आकारमान काढा: ५० एनबी पाईपमध्ये मीटरला २.२ लिटर, ८० एनबीमध्ये ४.८, १०० एनबीमध्ये ८.२. त्यात कूलर, टाकी, कॉईल यांचे लिटर मिळवा. एकूण १,००० लिटर भरले आणि वजनाने ३० टक्के हवे, तर ग्लायकॉल सुमारे २८० लिटर आणि पाणी ७२० लिटर. दोन्ही बाहेर बॅरलमध्ये मिसळून मग पंपाने आत घ्या. लाईनमध्ये आधी पाणी भरून वरून ग्लायकॉल ओतले तर ते खालच्या कोपऱ्यांत बसून राहते आणि वरच्या कॉईलमध्ये निव्वळ पाणी उरते. पाणी डीएम (क्षार काढलेले) किंवा सॉफ्ट घ्या. क्षार आणि क्लोराइड जास्त असलेले टँकरचे पाणी यात घालू नका. इनहिबिटर (गंजरोधक) मिसळलेले औद्योगिक ग्लायकॉलच घ्या, गाडीच्या रेडिएटरचा कूलंट त्याची जागा घेऊ शकत नाही.

२४ तास फिरवल्यावर रिफ्रॅक्टोमीटरने (मिश्रणाचे प्रमाण दाखवणारे उपकरण) सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या व्हेंटवरून नमुने घ्या. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. रिफ्रॅक्टोमीटरवर इथिलीन आणि प्रोपिलीनच्या पट्ट्या वेगळ्या असतात, चुकीची वाचली तर ५-७ अंशांचा भ्रम होतो. नंतर दर तीन महिन्यांनी तपासा. गळती झाली की कोणीतरी मेक-अप लाईन (कमी झालेले पाणी भरून काढणारी) उघडून साधे पाणी भरतो आणि ३० टक्क्यांचे बघता बघता १८ होतात. मेक-अपला मीटर बसवा, म्हणजे किती पाणी आत गेले ते लपणार नाही.

कोल्ड रूममध्ये बाहेरून दाबणारा बर्फ

उणे २० च्या रूममध्ये ट्यूबच्या आत पाणी नसतेच, तरीही गोठणे-वितळणे तिची हाडे मोडते. आपल्याकडची दमट हवा इथे खरी शत्रू आहे.

कॉईलवर डीफ्रॉस्ट (साचलेला बर्फ वितळवणे) अर्धवट झाला तर वितळलेले पाणी उरलेल्या बर्फाच्या आणि ट्यूबच्या मधल्या फटीत साचते. पुन्हा थंडी सुरू झाली की ते कोंडलेल्या जागी गोठते आणि ट्यूबला बाहेरून चेपते. दर डीफ्रॉस्टला थोडे थोडे. चपटी झालेली ट्यूब दिसली तर डीफ्रॉस्टची वेळ आणि ते संपवणाऱ्या थर्मोस्टॅटची जागा तपासा. तो सेन्सर कॉईलच्या सगळ्यात उशिरा वितळणाऱ्या कोपऱ्यात हवा, हाताला सोयीच्या जागी नको. साचलेला बर्फ हातोडी-स्क्रू ड्रायव्हरने फोडायचा नाही, रूम रिकामी करून पाण्याने किंवा पंख्याच्या हवेने पूर्ण उतरवायचा.

सक्शन लाईनच्या (थंड गॅस कॉम्प्रेसरकडे नेणाऱ्या नळीच्या) फ्लेअर नटमध्येही (पसरट तोंडाची नळी आवळणारा नट) हेच घडते. नटाच्या मागच्या भागात, तांब्याच्या नळीभोवती, दमट हवेचे पाणी जमते. ते गोठून नट चिरतो किंवा नळी आत दाबली जाते. शून्याखालच्या लाईनवर आखूड मानेचे फ्रॉस्ट-प्रूफ नट वापरा, जमेल तिथे फ्लेअर टाळून ब्रेझिंगच करा. सेन्सरच्या पॉकेटमध्ये पाणी शिरले तर तेही तसेच फुटते. पॉकेट थर्मल पेस्टने काठोकाठ भरून तोंड सील करा.

ड्रेन लाईनला मीटरला किमान २० मिमी उतार द्या, रूमच्या आत हीटर लावा आणि पाण्याचा ट्रॅप रूमच्या बाहेर गरम जागेत ठेवा. आत ठेवलेला ट्रॅप पहिल्याच दिवशी गोठतो. इन्सुलेशनबद्दल एकच सांगायचे: ते गोठणे लांबवते, थांबवत नाही. वेपर बॅरियर (ओल अडवणारा थर) एका जोडावर उघडा राहिला तर पावसाळ्याच्या चार महिन्यांत आत पाणी शिरते, डीफ्रॉस्टबरोबर गोठत-वितळत राहते, इन्सुलेशनचे तुकडे करते आणि खालचा एमएस पाईप गंजवते.

अमोनिया प्लांटवर याचा जुळा भाऊ भेटतो. दोन बंद व्हॉल्व्हच्या मध्ये थंड द्रव अमोनिया काठोकाठ अडकला आणि लाईन खोलीच्या तापमानाला येऊ लागली, तर द्रव फुगतो आणि दाब भराभर चढून पाईप किंवा व्हॉल्व्ह फाटतो. इथे बर्फाचा संबंध नाही, कोंडण्याचा आहे. लिक्विड लाईन बंद करताना आधी पुरवठ्याच्या बाजूचा व्हॉल्व्ह बंद करा, मधला द्रव उकळून जाऊ द्या, मग दुसरा. आणि असल्या लाईनजवळ मास्कशिवाय जाऊ नका.

गोठलेच आहे असे कळले तर

खुणा: पाण्याच्या गेजमधला फरक एकदम वाढतो, सक्शन दाब घसरतो, शेलवर अनोळखी घाम किंवा दव, कधी कडकड आवाज. मग घाई करायची नाही.

१. कॉम्प्रेसर बंद करा, पॅनेलला कुलूप आणि टॅग लावा.

२. गॅसचा दाब लिहून ठेवा. ट्यूब फुटली असेल तरी बर्फच आत्ता भोक बुजवून बसलेला असतो. गळती वितळल्यावरच दिसते.

३. कूलरचे व्हेंट आणि ड्रेन उघडा. वितळणाऱ्या पाण्याला बाहेर पडायला वाट आधी, ऊब नंतर.

४. ऊब उघड्या टोकाकडून आत न्या. ३०-३५ अंशांचे पाणी शेलवर बाहेरून, ओली फडकी, पंख्याची हवा. ब्रेझिंगचा टॉर्च, वाफ, उकळते पाणी नको. मधूनच गरम केले तर दोन बुचांच्या मध्ये पाणी होते, ते तापते, आणि जी ट्यूब गोठताना वाचली ती वितळवताना फुटते.

५. पूर्ण वितळेपर्यंत चिल्ड वॉटर पंप सुरू करू नका. ट्यूब फुटली असेल तर पंप सगळे पाणी गॅसच्या बाजूला, थेट कॉम्प्रेसरपर्यंत ढकलेल.

६. पाणी काढल्यावर गॅसच्या दाबावर लक्ष ठेवा. घसरत असेल, किंवा ड्रेनच्या तोंडाशी लीक डिटेक्टर वाजला, तर ट्यूब गेलेली आहे.

फुटलेली ट्यूब काय सांगते

वॉटर बॉक्स (कूलरच्या टोकाचा पाण्याचा डबा) उघडा, गॅसच्या बाजूने कोरडा नायट्रोजन रेग्युलेटर लावून भरा (दाब कूलरच्या नेमप्लेटवरच्या मर्यादेत) आणि प्रत्येक ट्यूबच्या तोंडावर साबणाचा पापुद्रा धरा. जिथे फुगा येतो ती ट्यूब. शक्य असेल तर एखादी काढून हातात घ्या.

लांबीत चीर, माशाच्या तोंडासारखे बाहेर वळलेले पातळ ओठ, आजूबाजूला फुगवटा: आतून गोठली. आत दबलेली, चपटी: बाहेरून बर्फ. फुगवटा नाही आणि आडवी चीर, तीही बॅफलपाशी: कंपनाने थकलेली, बर्फाचा दोष नाही. टाचणीएवढे खड्डे: गंज, पाण्याची तपासणी करा. कारण चुकीचे लावले तर नवी ट्यूबही त्याच वाटेने जाईल, म्हणून हे वाचन टाळून थेट प्लग ठोकू नका.

गेलेल्या ट्यूबच्या दोन्ही टोकांना पितळी टेपर प्लग लावा. किती ट्यूब बंद करून चालेल हे चिलर बनवणाऱ्याच्या पत्रकात असते. उरलेल्या सगळ्यांची एडी करंट तपासणी (विजेच्या प्रवाहाने भिंतीतला दोष शोधणारी) करून घ्या, कारण शेजारच्या ट्यूब फुटल्या नसल्या तरी फुगलेल्या असतात. उघड्या लाईनवरची नळी व्हर्नियरने मोजा: १९.०५ ची १९.४ भरली तर ती बदलायची, गळत नसली तरी.

शेवटी गॅसच्या बाजूला शिरलेले पाणी. ते तळाच्या ड्रेनमधून काढा, कॉम्प्रेसरचे तेल आणि फिल्टर-ड्रायर बदला, नायट्रोजन फुंका, आणि मगच व्हॅक्यूम पंप लावा. पाणी शिल्लक असताना जोरदार व्हॅक्यूम ओढला तर ते उकळता उकळता स्वतःच गोठते. मायक्रॉन गेज (व्हॅक्यूम मोजणारा) ४,५०० च्या आसपास येऊन हटेनासा झाला की आत बर्फ धरतो आहे असे समजा. पंप थांबवा, कोरड्या नायट्रोजनने व्हॅक्यूम तोडा, पाण्याच्या बाजूने कोमट पाणी फिरवून शेल उबदार करा, तासाभराने पुन्हा ओढा. ओल्या कूलरला अशा तीन-चार फेऱ्या लागतात. गेज ५०० मायक्रॉनच्या खाली जाऊन पंप बंद केल्यावरही तिथेच टिकला, तर गॅस भरायला घ्या: पंप चालू, आधी वाफ, ३५ पीएसआयनंतर (आर-१३४ए ला) द्रव.